एम.ए. अर्थशास्त्रानंतर परराष्ट्र सेवा की आयईएस?

खासबाग_४१६ :
बहीण शिवाजी विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वय २३, सगळं शिक्षण मराठीतून. तिला कलेक्टर व्हायचं नाही. देशादेशांत व्यापाराची, कर्जाची बोलणी होतात तिथे अर्थतज्ज्ञ म्हणून बसायचंय. असं पद थेट भरतात का? परराष्ट्र सेवेला बसावं की भारतीय आर्थिक सेवेला (आयईएस)? मराठी माध्यमाचा अडसर नेमका कुठे येतो? क्लासवाले म्हणतात दोन्ही एकाच तयारीत होतंय. पटत नाही.

पंचगंगा_घाट :
पटलं नाही तेच बरं. अभ्यासक्रम थोडाफार जुळतो, लिहायची पद्धत अजिबात जुळत नाही.

‘अर्थतज्ज्ञ राजदूत’ अशी जाहिरात कधीच निघत नाही. माणसं दुसऱ्याच दाराने आत येतात आणि फिरत फिरत त्या खुर्चीवर पोचतात. सी. डी. देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेले आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या नागरी सेवेतले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ मध्ये, नाणेनिधी आणि जागतिक बँक जिथे ठरली त्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या बाजूने बसले. एल. के. झा १९६७ ते ७० गव्हर्नर आणि पाठोपाठ अमेरिकेत राजदूत.

आता परराष्ट्र सेवेचं. परीक्षा वेगळी नाही, नागरी सेवा परीक्षाच. खुल्या गटाला वय ३२ पर्यंत आणि ६ प्रयत्न. मुख्य परीक्षेत गुणवत्तेत धरले जाणारे १७५० गुण, मुलाखत २७५. वैकल्पिक विषय अर्थशास्त्र घेतला तर त्यातले ५०० गुण तिच्या घरचे. मराठीतून लिहिता येतं, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीची अट मात्र आहे: इंग्रजीचा ३०० गुणांचा पात्रता पेपर, त्यात किमान २५ टक्के. ते गुण बेरजेत येत नाहीत, पण त्यात नापास झालं तर बाकीचे पेपर मोजतच नाहीत.

पसंतिक्रम भरताना घाई नको. एकदा आयएएस किंवा परराष्ट्र सेवेत नेमणूक झाली की त्या सेवेत असेपर्यंत ही परीक्षा पुन्हा देता येत नाही. ‘आत्ता हे घेऊ, पुढच्या वर्षी बघू’ इथे चालत नाही. (आणि घरी सांगताना नुसतं ‘आयएफएस’ म्हणू नका, वनसेवेलाही तेच म्हणतात, निम्मे नातेवाईक वनखातं समजतात.)

निवड झाल्यावर मसुरीला पायाभूत प्रशिक्षण, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था. त्यानंतर एक परकीय भाषा नेमून देतात आणि तिसरे सचिव म्हणून बहुधा त्याच भाषेच्या देशात पाठवतात. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय सेवेत कायम करत नाहीत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ च्या तुकडीचे. जपानी शिकून टोकियो, पुढे मालदीवमध्ये उच्चायुक्त, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत. म्हणजे ही सेवा एका विषयाच्या तज्ज्ञाची नाही, सगळी कामं फिरून करणाऱ्याची आहे. तीन वर्षं व्यापार शाखेत, पुढची तीन पासपोर्ट-व्हिसात, असंही होतं. व्यापार शाखेचं रोजचं काम म्हणजे खरेदीदारांच्या याद्या, बाजाराचे अहवाल, शिष्टमंडळांच्या भेटी. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याचे पैसे तिकडच्या खरेदीदाराने अडकवले तर पत्रही तिथेच येतं. दूतावास मध्यस्थी करतो, वसुलीचा हुकूम काढू शकत नाही.

मार्शल_अँड_पिगू :
आयईएसबद्दल मी लिहितो, कारण इथेच मराठी माध्यमाची पोरं अडकतात. ही परीक्षाही केंद्रीय लोकसेवा आयोगच (यूपीएससी) घेतो. वय २१ ते ३०, अर्थशास्त्र किंवा त्याच्या शाखेत पदव्युत्तर पदवी. शेवटच्या वर्षाला असलं तरी अर्ज चालतो. पूर्वपरीक्षा नाही, थेट सहा वर्णनात्मक पेपर: सामान्य इंग्रजी १००, सामान्य अध्ययन १००, सामान्य अर्थशास्त्राचे तीन पेपर प्रत्येकी २०० आणि भारतीय अर्थशास्त्र २००. वर मुलाखत २००. आणि उत्तरं इंग्रजीतूनच. मराठीचा पर्यायच नाही.

पण खरं नुकसान इंग्रजीने होत नाही, गणिताने होतं. सामान्य अर्थशास्त्राच्या पहिल्या पेपरचा दुसरा भाग संख्यात्मक पद्धतींचा आहे: रेखीय बीजगणित, कलन (कॅल्क्युलस), सांख्यिकी, अर्थमिती. एम.ए.ला उपभोक्ता समतोल म्हणजे आकृती आणि दोन पानं वर्णन एवढ्यावर गुण मिळतात. इथे उपयोगिता फलन देतात आणि मागणी फलन काढून दाखवा म्हणतात. लाग्रांज गुणक (उत्पन्नाच्या मर्यादेत जास्तीत जास्त उपयोगिता काढायची रीत) लावून, प्रथम क्रमाच्या अटी लिहून, शेवटी एका ओळीत अर्थ सांगायचा. तिने आधी हेच करून बघावं: उपयोगिता U = xy (x आणि y दोन वस्तूंचे नग), त्यांच्या किंमती p आणि q, उत्पन्न m. दहा मिनिटांत x = m/2p पर्यंत पोचली तर पाया ठीक आहे. नाही जमलं तर आधी सहा महिने गणित, मग बाकीचं.

जागा फार थोड्या, बहुतेक वर्षी पंचविसाच्या आत. निवड झाल्यावर दिल्लीच्या आर्थिक विकास संस्थेत प्रशिक्षण आणि मग मंत्रालयांत नेमणुका. सुरुवातीचं मूळ वेतन दोन्ही सेवांत सारखंच, ५६,१००. परदेशी नेमणूक मात्र इथे नियमाने येत नाही. नाणेनिधी, जागतिक बँकेतल्या भारताच्या कार्यालयात किंवा एखाद्या दूतावासात प्रतिनियुक्तीवर जाता येतं, त्या खुर्च्या मोजक्या.

पंचगंगा_घाट :
‘बोलण्यांत अर्थतज्ज्ञ काय करतो’ ते राहिलं. आपल्याच उसाचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली: एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा, सरकारने ठरवलेला किमान भाव) ही शेतकऱ्याला मर्यादेबाहेरची मदत आहे. विकसनशील देशाला एका पिकामागे उत्पादनमूल्याच्या १० टक्के मर्यादा आहे. मदत मोजायचं सूत्र: ठरवलेला भाव वजा १९८६–८८ चा संदर्भ भाव, गुणिले पात्र उत्पादन, म्हणजे तो भाव ज्याला लागू धरायचा तेवढं उत्पादन.

आकडे कल्पित घेऊ. संदर्भ भाव टनाला १००, आजचा भाव ३००, उत्पादन १०० टन. फरक २००. सगळं उत्पादन पात्र धरलं तर मदत २०,०००, उत्पादनमूल्य ३०,०००, म्हणजे ६७ टक्के. फक्त १० टन पात्र धरलं तर २,०००, साडेसहा टक्क्यांच्या आसपास, मर्यादेत. शेतकऱ्याच्या हातात दोन्ही वेळेस तेवढेच पैसे. संदर्भ भाव गोठलेला आहे, त्याला महागाई माहीत नाही. त्यामुळे टक्का ‘पात्र’ या एका शब्दावर हलतो. उसाच्या तक्रारीत भांडण ‘मदत’ या शब्दावरही होतं: भारताचं म्हणणं होतं की पैसे कारखाना देतो, सरकार नाही, म्हणून ही मदतच नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये तक्रार ऐकणाऱ्या पॅनेलने ते मान्य केलं नाही. भारताने अपील केलं, पण अपील मंडळ २०१९ पासूनच बंद पडलंय.

इथे शब्दावर भांडणारा एक लागतो आणि तो शब्द बदलला की टक्का किती हलतो ते रात्रीतून काढून देणारा दुसरा. पहिलं काम आवडत असेल तर परराष्ट्र सेवा, दुसरं आवडत असेल तर आयईएस. व्यापार संघटनेसाठी जिनिव्हातलं वेगळं मिशन मात्र वाणिज्य विभागाकडे आहे, तिथे वेगवेगळ्या सेवांतले अधिकारी असतात. परराष्ट्र सेवा घेतली म्हणजे तिथेच जाणार, असं धरून चालू नका.

खासबाग_४१६ :
लाग्रांजवालं गणित आज रात्रीच देतो तिला. दाखल्यांचं काही आधी करून ठेवावं लागतं का?

मार्शल_अँड_पिगू :
लागतं, आणि फॉर्म त्यातच अडकतात. ओबीसी असेल तर जात केंद्राच्या यादीत आहे का बघा आणि नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यातला काढा, राज्याचा चालत नाही. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग, तो केंद्रात धरत नाहीत. बसत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), पण त्यात ८ लाखांच्या उत्पन्नाबरोबर ५ एकर शेतीची अटही आहे, तेव्हा कुटुंबाचे सगळे सातबारे एकत्र मोजा. ईडब्ल्यूएसला वयात आणि प्रयत्नांत सवलत नाही. दाखल्यावरचं आर्थिक वर्ष जाहिरातीशी ताडून बघा आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी तो हातात घ्या. तहसीलला गर्दी असते, महिनाभर आधी लागा.