व्यालेल्या मांजरीला धाप आणि थरथर, काय करावं?

अबोली
मांजर व्याली त्याला 18 दिवस झाले. पाच पिल्लं, सगळी अंगावर पितात. कालपासून ती पिल्लांपाशी टिकत नाही, तोंड उघडं टाकून धापा टाकते, मागचे पाय ताठ ठेवून चालते. आज कानांची टोकं फडफडताहेत. तपकिरी स्राव थोडा जातो, वास नाही. खाणं दूध-पोळी आणि उकडलेलं चिकन. उन्हाचा त्रास असेल का? कॅल्शियमचं सिरप पाजू का?

पारवा
ऊन नाही हे. रक्तातलं कॅल्शियम उतरलंय असं वाटतं. आत्ता निघा, उद्यावर टाकू नका. यापुढची पायरी आकडी असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध भरात येतं, पाच पिल्लं ओढतात आणि नुसत्या मांसात कॅल्शियम नावालाच असतं.

सिरप पाजू नका. थरथरत्या मांजरीच्या तोंडात ओतलेलं औषध श्वासनलिकेत उतरतं. डॉक्टर कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून अगदी सावकाश देतात, सोबत हृदयाचे ठोके तपासत. घाई झाली तर हृदय थांबू शकतं. म्हणून घरी इंजेक्शनचा विचारही नको. अंग गरम लागलं तरी पॅरासिटामॉल अजिबात नाही, मांजराला ते विष आहे.

दगडफूल
पिल्लांना निदान 24 तास आईपासून वेगळं ठेवा. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आणा. गाईच्या दुधाने जुलाब होतात. दूध कोमट, दर चार-पाच तासांनी, पिल्लू पोटावर पालथं धरून. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. या वयात काहींना त्याशिवाय शू होत नाही. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं.

स्रावाची काळजी नको, तो दोन-तीन आठवडे चालतो. दुर्गंधी, पू किंवा ताजं रक्त दिसलं तर मात्र गर्भाशयाचा संसर्ग. सडही रोज चाचपा: एखादा कडक, गरम, जांभळट लागला, तर स्तनदाह.

अबोली
निघतेय. गाभण असतानाच कॅल्शियम सुरू केलं असतं तर टळलं असतं का?

पारवा
उलट धोका वाढला असता. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून देणारी गळ्यातली ग्रंथी सुस्तावते, आणि दूध उतरल्यावर ऐनवेळी तिला जमत नाही. गाभणपणाच्या शेवटापासून दूध तुटेपर्यंत पिल्लांसाठीचं खाद्य द्यायचं, हवं तेवढं, वाटी कायम भरलेली. ऐन दुधात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं.

आणि तिला बाहेर सोडू नका. अंगावर पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते. दूध आटल्यावर दोन आठवड्यांनी नसबंदी करून घ्या.