शेततळ्यात मोती: सोलापुरात कुणी खरंच केलंय का?

डाळिंबवाला_मोहोळ
नमस्कार मंडळी. मोहोळजवळ आमचं साडेतीन एकर डाळिंब आहे आणि 30 बाय 30 मीटरचं शेततळं, प्लास्टिक कागद अंथरलेलं. परवा गावात एक माणूस येऊन गेला. तळ्यात शिंपले सोडा, दीड वर्षात एका शिंपल्यातून दोन मोती, माल आम्हीच उचलतो, असं म्हणून वहीत हिशेबही मांडून दाखवला. वडील तयारच बसलेत. मोती समुद्रात होतात ना, असं मी विचारलं तर म्हणाला गोड्या पाण्यातले वेगळे असतात. वेगळे म्हणजे काय, ते काही सांगितलं नाही. आज्जीचं तिसरंच: स्वातीचा थेंब शिंपल्यात पडल्याशिवाय मोती होत नाही. आमच्याकडं स्वातीत पाऊस आला तर मोती राहिला बाजूला, डाळिंबावर तेल्या रोग येतोय.

रिटायर_सिस्टर
मी केलंय. होटगी रोडला घरामागं सिमेंटची टाकी होती, तिच्यात नदीतले 150 शिंपले. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते, त्यामुळं चिमटा-कात्रीची भीती नव्हती. मे महिन्याची वाटायला हवी होती.

आज्जींचा थेंब सोडा, वाळूचा कण आत शिरला की मोती होतो ही गोष्टही तशीच खोटी. शिंपल्याच्या कवचाला आतून एक पातळ पडदा असतो, त्याला मँटल म्हणतात. कवच तोच तयार करतो. त्याच्या पेशी शरीरात आत गेल्या की त्यांची एक पिशवी होते आणि पिशवीत कवचाच्या आतला तो चकचकीत माल थरावर थर साचत जातो. मोती पिकवणं म्हणजे ही पिशवी मुद्दाम करवून घेणं.

समुद्रातल्या अकोया शिंपल्यात जपानी लोक जननग्रंथीत एक गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या मँटलचा इवलासा तुकडा ठेवतात. एका शिंपल्यात एखाद-दुसराच मणी मावतो. गंमत म्हणजे तो मणी अमेरिकेतल्या नदीच्या शिंपल्याचं जाड कवच घासून केलेला असतो, म्हणजे खाऱ्या मोत्याच्या पोटात गोड्या पाण्याचाच शिंपला! जपानच्या मिकिमोतोने 1893 साली पिकवले ते अर्धगोल होते, कवचाला चिकटलेले. गोल नंतर जमले. आपल्याकडं तमिळनाडूत तुतिकोरिनला 1973 मध्ये समुद्री मोती पिकवून झाला. चीनमध्ये गोड्या पाण्यातल्या थोराड शिंपल्यात बहुतेक वेळा मणी घालतच नाहीत, नुसते मँटलचे तुकडे, एकेका बाजूला दहा-वीस. म्हणून ते ढिगानं येतात आणि आतपर्यंत मोतीच असतात, पण सगळे गोल निघत नाहीत.

तुमच्या माणसाचे 'दोन मोती' असे सुटे नव्हेत, मिकिमोतोच्या पहिल्या मोत्यांच्या जातीचे. कवच आणि मँटल यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी एकेक साचा सरकवतात, बहुतेक गणपतीचा. त्यावर थर चढतो, पण तो कवचालाच चिकटलेला राहतो. शेवटी कवच कापूनच काढायचा, शिंपला जातो.

साचा घालण्याआधी दोन-तीन दिवस शिंपले दाटीवाटीनं ठेवायचे, म्हणजे कवच मिटून धरणारा स्नायू ढिला पडतो. मग फट उघडायची जेमतेम एक सेंटिमीटर. माझ्या पहिल्याच शिंपल्याला जरा जास्त ताण दिला, आत 'टच्' झालं. स्नायू तुटला, पुन्हा मिटलाच नाही. नंतरचे दहा दिवस जाळीतले शिंपले रोज सकाळी मोजायचे. एक मेलेला नजरेतून सुटला की दुसऱ्या दिवशी अख्खी टाकी नासते. तो वास माझ्या साडीला आठवडाभर होता.

त्यातून तगलेले मे मध्ये गेले. वर ओली पोती घातली, टँकरचं पाणी घातलं, तरी दुपारी टाकीत हात घातला की आंघोळीचं पाणी. 150 मधले 41 उरले, त्यातले बघण्यासारखे नऊ. एका गणपतीच्या सोंडेवर थरच धरला नाही. तो देवघरात आहे. माल उचलणाऱ्यांनी आधी फोटो मागवले, मग थर पातळ आहे म्हणाले, मग फोन उचलेनात.

आता तुमचं तळं. शिंपला पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातो, त्याला हिरवट पाणी लागतं. हिरवं पाणी म्हणजे तुमच्या ठिबकचा फिल्टर रोज धुवा. आणि तेल्यासाठी बोर्डो मिश्रण फवारता ना? त्यात मोरचूद, म्हणजे तांबं. शिंपल्याला ते विष. वाऱ्यावरचे तुषार तळ्यात गेले तरी बास.

सराफ_मंगळवार_पेठ
सिस्टर बरोबर बोलल्या. आम्ही माल हैदराबादहून, पत्थरगट्टीतून आणतो, त्यातला बराचसा चीनचा गोड्या पाण्याचाच. अशा कवचाला चिकटलेल्या अर्ध्या मोत्याला माझ्याकडं तरी गिऱ्हाईक नाही. लोक दातावर घासून बघतात, किरकिर लागली की 'अस्सल' म्हणून खूष. पिकवलेलाही किरकिरतोच की! पिकवलेला की नैसर्गिक, ते एक्स-रेत कळतं.

डाळिंबवाला_मोहोळ
मावशी, बोर्डोचं डोक्यातच आलं नव्हतं. आमचं तळं बागेच्या ऐन मधोमध आहे. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. सोंडेपाशी हसले, आणि म्हणतात, 'दहा तरी सोडून बघू की.'

रिटायर_सिस्टर
सोडा, पण तळ्यात नको. गोठ्याजवळ जुना हौद असेल तर त्यात, झाडाच्या सावलीला. साचे घालू नका, आधी नुसते जगवून दाखवा म्हणावं. जूनपर्यंत सात-आठ उरले तर मग शिकायचं बघा. भुवनेश्वरला केंद्र सरकारची गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची संस्था आहे, सीआयएफए, तिथं याचं प्रशिक्षण मिळतं. आणि रोज सकाळी मोजा. तोंड उघडं दिसलं की बोट लावायचं. मिटला तर राहू दे, नाही मिटला तर लगेच बाहेर.