उडी वेगळी, कक्षा वेगळी

विमानप्रवासासारखंच अंतराळ पर्यटनही हळूहळू स्वस्त होईल, असं म्हटलं जातं. पण ब्लू ओरिजिन या अमेरिकी कंपनीची दहा-अकरा मिनिटांची उडी आणि २००१ मध्ये पहिले अंतराळ पर्यटक डेनिस टिटो यांनी सोयुझ या रशियन यानातून केलेली अंतराळ स्थानकाची वारी एकाच मापाने मोजता येत नाहीत. १०० किमी उंची गाठून परतायला सेकंदाला साधारण १.४ किमी वेग पुरतो. पृथ्वीभोवती फिरत राहायला जवळजवळ ७.८ किमी लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे किलोमागे फरक जवळजवळ तीसपट! उडी स्वस्त होईलही, कक्षेतला मुक्काम इतक्यात नाही.

मला खरी काळजी काजळीची वाटते. ब्लू ओरिजिनचं न्यू शेपर्ड रॉकेट हायड्रोजन जाळतं, त्यातून मुख्यतः वाफ बाहेर पडते. व्हर्जिन गॅलॅक्टिकचं २०२४ मध्ये निवृत्त झालेलं स्पेसशिपटू हे यान मात्र रबरासारखं इंधन वापरायचं आणि काजळी थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या हवेच्या थरात सोडायचं; केरोसीनवरची रॉकेटं आजही तिथे काजळी सोडतात. तिथे पाऊस नसतो, त्यामुळे ती धुऊन जात नाही; काही वर्षं टिकते आणि उष्णता शोषत राहते. आज उड्डाणं मोजकी आहेत, म्हणून चालून जातंय. इंधनाचे नियम ती वाढायच्या आधी व्हायला हवेत.