निषेधगीत, वेहडा आणि डाउनप्रेसर

प्रश्न : पंजाबातील लोकगायक बंत सिंग आणि ‘दिल्ली सल्तनत’ या नावाने रेगे (जमैकातले लोकप्रिय संगीत) गाणारा कलाकार यांनी मिळून केलेल्या गाण्यांवर मी टिपण लिहीत आहे. ‘प्रोटेस्ट साँग’साठी ‘निषेधगीत’ आणि त्यांच्या एकत्र गाण्यासाठी ‘जुगलबंदी’ हे शब्द चालतील का?

उत्तर : ‘निषेधगीत’ शब्दशः चूक नाही, पण मराठीत निषेध एखाद्या घटनेचा होतो, तो सभेत नोंदवला जातो आणि ठराव संमत झाला की सभा उठते. मानसा जिल्ह्यातील बुर्ज झब्बरचे शेतमजूर असलेल्या बंत सिंगांवर जानेवारी २००६ मध्ये हल्ला झाला, त्यात त्यांना दोन्ही हात आणि एक पाय गमवावा लागला, आणि तरीही जे गाणे थांबले नाही, त्याला हा सभेतला शब्द तोकडा पडतो. ते संत राम उदासी (१९३९–१९८६) या दलित कवीच्या रचना गातात. तेव्हा ‘विद्रोही गीत’ अधिक नेमके, आणि ‘चळवळीचे गाणे’ तर गाणाऱ्यांच्याच तोंडचे. ‘जुगलबंदी’ मात्र टाळावी, कारण तिच्यात चढाओढीची छटा असते. रेगेमध्ये ‘रिद्दम’ म्हणजे बास आणि ड्रमची आधीच बांधलेली बैठक, जिच्यावर वेगवेगळे गायक आपापले शब्द म्हणतात. त्यासाठी सवाल-जवाब लागत नाहीत. साधे ‘मेळ’ म्हणावे.

पुस्ती : या दोघांनी ज्यात मिळून गाणी केली त्या उपक्रमाचे ‘वर्ड साउंड पॉवर’ हे नाव जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या बोलीतले आहे. उच्चारलेल्या ध्वनीतच सामर्थ्य असते, अशी त्या पंथीयांची धारणा असल्यामुळे ते इंग्रजी शब्द फोडून पुन्हा घडवतात. ‘ऑप्रेसर’मध्ये त्यांच्या कानाला ‘अप’ ऐकू येतो, आणि माणसाला खाली दाबणाऱ्याच्या नावात ‘वर’ कशाला, म्हणून तो ‘डाउनप्रेसर’ होतो. रेगे गायक पीटर टॉशने १९७७ मध्ये ‘डाउनप्रेसर मॅन’ हे गाणे दिले. आपल्या ‘दडपणे’मध्ये खाली दाबणे मुळातच असल्याने ‘दडपणारा’ म्हटले की अर्थ पोचतो, पण गंमत हरवते. मूळ शब्द ठेवून पुढे एक वाक्य खर्चावे, असे माझे मत आहे.

उदासींच्या प्रसिद्ध गीतातला ‘वेहडा’ हा पंजाबी शब्द याहून अवघड आहे. कोशात तो ‘अंगण’ आहे, पण पंजाबच्या माळवा भागात दलित वस्तीलाही वेहडाच म्हणतात, आणि कवीने सूर्याला राबणाऱ्या ‘कम्मीं’च्या वेहड्यात ‘मघत’ राहायला सांगितले आहे. ‘अंगण’ लिहिले की जात पुसली जाते. ‘वस्ती’ लिहिले की घरपण जाते, तरीही निवड करायचीच झाली तर मी ‘वस्ती’च घेईन. त्याच ओळीतल्या ‘मघणे’ या क्रियापदाला ‘तळपणे’ वापरण्याचा मोह होईल, पण तळपणे आकाशातले असते. मघतो तो निखारा, आणि निखाऱ्यासाठी आपल्याकडे ‘रसरसणे’ आहे.