मदत हवी आहे: सिक्युरिटी प्लस झालं, तरी सॉक ॲनालिस्टची नोकरी मिळत नाही

निशिगंध
सिक्युरिटी प्लस (सायबर सुरक्षेची सुरुवातीची परीक्षा) पास होऊन पाच महिने झाले. सॉकमध्ये, म्हणजे कंपनीवरच्या हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या टीममध्ये, जायचं आहे. साठाहून जास्त अर्ज केले, चार ठिकाणी बोलावलं, चारही ठिकाणी पहिल्याच फेरीत बाहेर. सगळीकडे एकच, अनुभव हवा. कुणी घेतलंच नाही तर अनुभव आणायचा कुठून? पुढच्या गुरुवारी पाचवा इंटरव्ह्यू आहे. आता हॅकिंगच्या परीक्षांपैकी सीईएच करू की ओएससीपी? लवकर सांगा, फी भरायची मुदत जवळ आली आहे. "आवड असेल तर होईल" असे प्रतिसाद कृपया नकोत, ते भरपूर ऐकून झालेत.

शेलकोड
ओएससीपी. सीईएचमध्ये चार तासांत १२५ प्रश्न, पर्याय समोरच असतात. ओएससीपीला जवळपास अख्खा दिवस आणि रात्र मशीन्स फोडत बसायचं आणि पुढच्या चोवीस तासांत रिपोर्ट द्यायचा. मी पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा पास. त्या दोन प्रयत्नांत जे शिकलो ते कुठल्याच कोर्सने शिकवलं नाही. आजच काली लिनक्स (हॅकिंगची टूल्स असलेलं लिनक्स) टाका आणि हॅक द बॉक्स या सरावाच्या साइटवर रोज एक मशीन घ्या.

जुनाजाणता
ती हल्ला करणाऱ्या बाजूची परीक्षा. धागाकर्तीला सॉकमध्ये बसायचं आहे. आधी नेटवर्किंग पक्कं करा. डीएनएस क्वेरी (साइटच्या नावावरून तिचा आयपी विचारणं) कुठून कुठे जाते, ४४५ पोर्टवर काय चालतं, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. वायरशार्क (नेटवर्कचं ट्रॅफिक पकडून दाखवणारं टूल) लावून स्वतःच्याच मशीनचं ट्रॅफिक आठवडाभर वाचा. मी वीस वर्षं नेटवर्क सांभाळतोय. पाया कच्चा असलेली मुलं अलर्ट नुसता पुढे ढकलतात.

शेलकोड
@जुनाजाणता, हल्ला कसा होतो हे स्वतः करून पाहिलं नसेल तर अलर्ट वाचून तरी काय कळणार?

जुनाजाणता
कळतं. आग ओळखायला आग लावावी लागत नाही.

मृद्गंध
विषय वेगळा आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. आईने कुणालातरी फोनवर सहा आकडी कोड सांगितला आणि तिचं व्हॉट्सॲप गेलं. आता तिच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागतायत. काय करू?

जुनाजाणता
@मृद्गंध, तिच्याच फोनवर, तिच्याच नंबरने पुन्हा नोंदणी करा. नवा कोड एसएमएसने येईल, तो टाकला की समोरचा बाहेर फेकला जातो. त्याने मध्ये टू-स्टेप पिन लावला असेल तर पूर्ण ताबा मिळायला सात दिवस थांबावं लागेल, पण तो बाहेर मात्र लगेच जातो. नातेवाइकांना आत्ता फोन करा, मेसेज नको. परत मिळाल्यावर स्वतःचा पिन लावा.

केवळ_वाचक
थेट सीआयएसएसपी (वरच्या पातळीचं सुरक्षा सर्टिफिकेट) करा. ते नाव दिसलं की एचआर लगेच फोन करतात.

तिसरी_पाळी
@केवळ_वाचक, त्याला संबंधित कामाचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवी वगैरेमुळे फार तर एक वर्ष सुटतं. धागाकर्तीच्या आत्ता उपयोगाचं नाही.

निशिगंध, मी सॉकमध्ये आहे, पहिल्या फेरीचे इंटरव्ह्यू घेते. कुठलीही फी भरू नका, आधी एवढं सांगा. सध्या तुम्ही करता काय? इंटरव्ह्यूत नेमक्या कुठल्या प्रश्नावर अडकलात? रेझ्युमेच्या पहिल्या अर्ध्या पानात काय आहे?

निशिगंध
हेल्पडेस्कला आहे, तीन वर्षं. ते सिक्युरिटीचं काम नाही म्हणून रेझ्युमेत शेवटी एक ओळ लिहिली आहे. वर सर्टिफिकेट आणि टूल्सची यादी आहे: स्प्लंक (लॉग शोधायला), वायरशार्क, एनमॅप (नेटवर्क स्कॅन करायला), मेटास्प्लॉइट (हल्ले करून पाहायला).

शेवटच्या ठिकाणी विचारलं होतं, "एका खात्यावर दहा मिनिटांत चाळीस लॉगिन फसले आणि मग एक यशस्वी झालं. काय कराल?" मी म्हटलं, आयपी ब्लॉक करेन. त्यांनी "बरं" म्हटलं आणि पुढचा प्रश्न घेतला. ते चुकीचं होतं का?

तिसरी_पाळी
तीन वर्षं हेल्पडेस्क! हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

उत्तर चूक नाही, पण घाईचं आहे. तुम्ही काही पाहण्याआधीच निर्णय घेतला. ब्लॉक करायचा तो आयपी कुणाचा? ऑफिसच्याच प्रॉक्सीचा निघाला तर सगळ्यांचं काम थांबलं.

मला असं ऐकायला आवडतं. आधी विंडोजच्या लॉगमधले ४६२५ चे, म्हणजे फसलेल्या लॉगिनचे, इव्हेंट काढेन. नाव एकच आहे की दर वेळी वेगळं? एकाच खात्यावर अनेक पासवर्ड म्हणजे ब्रूट फोर्स, अनेक खात्यांवर एकच पासवर्ड म्हणजे स्प्रेइंग. पासवर्ड चुकला की असं खातंच नाही, ते सबस्टेटस कोडमध्ये दिसतं. मग यशस्वी लॉगिनचा ४६२४ पाहेन. सोर्स तोच आहे का? लॉगऑन टाइप काय? १० असेल तर रिमोट डेस्कटॉप, ३ असेल तर नेटवर्कवरून. त्या लॉगिननंतर काय झालं हे तर सर्वांत महत्त्वाचं. ४६८८ मध्ये नवी प्रोसेस, ४७२० म्हणजे नवं खातं, ११०२ म्हणजे कुणीतरी सिक्युरिटी लॉगच पुसला. आणि वापरकर्त्याला फोन करायचा, "हे तुम्हीच होता का?" संशय पक्का झाला की सेशन तोडणं, पासवर्ड बदलणं, मशीन वेगळं काढणं, आणि हे सगळं वेळेसकट तिकिटात लिहिणं.

शेलकोड
यात एक भर. एनएलए (रिमोट डेस्कटॉप उघडण्याआधीच ओळख तपासणारी सेटिंग) चालू असेल तर रिमोट डेस्कटॉपचे फसलेले प्रयत्नही टाइप ३ म्हणूनच दिसतात. १० दिसला नाही म्हणून आरडीपी (रिमोट डेस्कटॉप) नाही, असं धरू नका.

तिसरी_पाळी
+१. आमच्याकडचे जुने लोकही इथे फसतात.

निशिगंध
एक विचारू? रोज येणाऱ्या लॉकआउटच्या तिकिटांचं असंच काहीसं करते. एका बाईंचं खातं दर सकाळी लॉक व्हायचं. सगळे नुसतं अनलॉक करून तिकीट बंद करत होते. मी डोमेन कंट्रोलरवर (सगळ्यांची लॉगिन तपासणारा सर्व्हर) ४७४०, म्हणजे खातं लॉक झाल्याचा इव्हेंट, पाहिला, त्यात कॉलर कॉम्प्युटर म्हणून मेल सर्व्हरचं नाव होतं. म्हणजे त्यांच्या लॅपटॉपवरून नाही, मेलमधून काहीतरी येतंय. शेवटी मुलाला दिलेला त्यांचा जुना फोन निघाला. त्यात जुना पासवर्ड तसाच होता आणि तो मेल सिंक करत बसला होता. हे सांगण्यासारखं आहे का? यात हल्ला वगैरे काहीच नव्हता.

तिसरी_पाळी
अहो, हेच तर सांगायचं! सॉकमध्ये पहिल्या पातळीला येणारे बहुतेक अलर्ट असेच असतात. हल्ला नाही, हे पुराव्यानिशी ठरवणं हाच दिवसभराचा उद्योग. इतर जण तिकीट बंद करत होते तिथे तुम्ही सोर्स शोधलात. रेझ्युमेत हेल्पडेस्क वर आणा. मेटास्प्लॉइट काढा, "काय केलंत त्याने?" असं विचारलं तर अडकाल.

जुनाजाणता
आणि तो मेल सर्व्हर, फोन, डोमेन कंट्रोलर हा मार्ग कागदावर काढून बघा. इंटरव्ह्यूत फळ्यावर काढायला लावतात.

शेलकोड
ओएससीपी नंतर कराच. पण गुरुवारपर्यंत वाझू (लॉगवर नजर ठेवणारं मोफत टूल) किंवा स्प्लंकची फ्री आवृत्ती घरच्या दोन व्हर्च्युअल मशीन्सवर लावा. स्प्लंक फ्रीला दिवसाला ५०० एमबीची मर्यादा आहे, घरच्या लॅबला पुरते. विंडोजवर सिसमॉन (जास्त तपशिलाचे लॉग लिहिणारं टूल) टाका, स्वतःच चाळीस वेळा चुकीचा पासवर्ड द्या आणि तोच प्रश्न स्वतःच्या लॉगवर सोडवा.

निशिगंध
रात्री लॅब लावली. ४६२५ दिसले, पण लॉगऑन टाइप २ आला. कीबोर्डवर बसून टाइप केलं म्हणूनच ना? उद्या दुसऱ्या मशीनवरून करून पाहते. फी भरलेली नाही. रेझ्युमेतली ओळ अशी केली आहे: "वारंवार होणाऱ्या खाते-लॉकआउटची मुळापासून चौकशी केली, इव्हेंट लॉगवरून सोर्स शोधला आणि संस्थेची सुरक्षा वाढवली." चालेल?

तिसरी_पाळी
टाइप २ बद्दल बरोबर. ओळीतलं "सुरक्षा वाढवली" काढा, ते दाखवता येत नाही. त्या जागी लिहा, "जुन्या फोनमधला साठवलेला पासवर्ड हे कारण निघालं, लॉकआउट थांबले." गुरुवारी काय विचारलं ते इथे नक्की लिहा.