मुलाचा खोकला ९ आठवडे झाले तरी थांबत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा प्लीज.

मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. गणपतीच्या आधी सर्दी झाली, दोन दिवस ताप, मग सर्दी गेली आणि खोकला जो राहिला तो राहिलाच, आता दिवाळी पण होऊन गेली. छातीचा एक्स-रे क्लिअर, रक्त नॉर्मल, टीबीची हातावर करतात ती टेस्ट निगेटिव्ह. ॲलर्जी असेल म्हणून गोळ्या झाल्या, बालदमा असेल म्हणून महिनाभर पंप झाला, ढिम्म फरक नाही. सिरपच्या तीन बाटल्या संपल्या. सासूबाईंचं ज्येष्ठमध, आडुळसा, ओव्याची पुरचुंडी सगळं चालूच आहे. डॉक्टर म्हणतात व्हायरल नंतरचा आहे, जाईल हळूहळू. शाळेतून दोनदा फोन आला की घेऊन जा, बाकीच्या मुलांना त्रास होतो. वजन, भूक, खेळणं सगळं ठीक आहे. पण मी नेटवर काय काय वाचून बसलेय, सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत घट्ट कफ साठत राहण्याचा जन्मजात आजार) काय, श्वासनळीला रक्तवाहिनीचा वेढा काय, रात्र रात्र झोप नाही मला. कोणाच्या मुलाला असा काही वेगळ्याच कारणाने खोकला होता का?

शेवंती_नाशिक: कोमट पाण्यात मध द्या, आमच्याकडे त्यानेच गेला. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही.)

दोनपिल्लांचीआई: ताई, खोकला ओला आहे की कोरडा? माझ्या लेकीचा घरघर करत यायचा, सकाळी जास्त. सगळे दमा दमा करत होते पण निघालं श्वासनळ्यांत मुरलेलं जंतूंचं इन्फेक्शन. दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकने गेलं, डॉक्टरांनी दिलेला कोर्स हं, घरातली उरलेली बाटली नाही. एक्स-रे आमचा पण बराचसा क्लिअरच होता.

भूलवाला: मी भूलतज्ज्ञ आहे, मुलांचा डॉक्टर नाही, तेव्हा त्या हिशोबाने वाचा. दुर्बीण घालून लहान मुलांच्या श्वासनळीतले शेंगदाणे काढताना मी बऱ्याचदा भूल दिलीय. शेंगदाणा, फुटाणा एक्स-रेत दिसत नाही, फिल्म अगदी नॉर्मल येऊ शकते, म्हणून खाताना ठसका लागला होता का हा प्रश्न घरच्या प्रत्येकाला विचारायचा, सांभाळणाऱ्या मावशींना सुद्धा. पण हे जास्त करून ३ वर्षांच्या आतल्यांचं. तुमच्याबाबतीत मला वेगळंच विचारायचंय. तुम्हाला झोप नाही म्हणालात, पण तो झोपतो का? झोपेत खोकतो का?

धागाकर्ती: ठसका वगैरे काही नाही, सगळ्यांना विचारलं. ओला पण नाही, कोरडा, खणखणीत, भोंगा वाजल्यासारखा. आणि झोपेचं... खरं सांगू, तुम्ही विचारेपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. काल फोन रेकॉर्डिंगला लावून उशाशी ठेवला, रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा एकदाही नाही. उठून चूळ भरली की दहाव्या मिनिटाला सुरू. कार्टून बघताना पण जवळजवळ नाही. मी जागी राहायचे ती पुढचा कधी येतोय याची वाट बघत!

भूलवाला: मग याला सवयीचा खोकला म्हणतात ते डॉक्टरांपुढे काढा. सर्दीने सुरू होतो, सर्दी जाते आणि खोकल्याची उबळ चालूच राहते. फुप्फुस ठणठणीत असतं म्हणून पंपाचा उपयोग होत नाही. पण निदान त्यांनाच करू दे. आणि घरात कोणी "नाटकं करतोय" म्हणायचं नाही, तो मुद्दाम करत नाहीये.

कोकणकडा: कान बघितले का? हसू नका. माझ्या भाच्याच्या कानात मळाचा खडा होता, पडद्याला टेकलेला. कानाच्या नळीत एका नसेची फांदी येते, तीच नस घशाकडे आणि फुप्फुसांकडे पण जाते, त्यामुळे कानात टोचलं की खोकला. ईएनटीने मळ काढला, आठवड्याभरात बंद. तोवर छातीचे दोन एक्स-रे झाले होते!

दोनपिल्लांचीआई: डांग्या खोकला पण विचारून घ्या, लस घेतलेल्या मुलांना पण होतो, काही वर्षांत जोर कमी होतो लशीचा. पण तो रात्री सोडत नाही, उलट्या होईपर्यंत खोकतात पोरं.

भूलवाला: बरोबर. बाकी तुम्ही वाचलेले ते मोठे आजार बहुतेक वेळा काहीतरी खूण दाखवतात. वजन न वाढणं, परत परत न्यूमोनिया, रोजचा ओला खोकला, बोटांची टोकं फुगणं, रक्त पडणं, दूध पिताना ठसका. यातलं काही दिसलं किंवा धाप लागली तर मात्र थांबू नका.

धागाकर्ती: यातलं एकही नाही, बोटं आत्ता दिव्याखाली नेऊन बघितली, तो म्हणतो आई काय करतेयस. गुरुवारी ईएनटी, शनिवारी बालरोगतज्ज्ञ, रेकॉर्डिंग घेऊन जाणारे. एकच विचारायचं राहिलं, सवयीचाच निघाला तर करतात काय, औषध असतं का?

भूलवाला: औषध नाही. उबळ आली की कोमट पाण्याचा घोट घेऊन आधी एक मिनिट दाबून धरायची, मग दोन, मग पाच, आणि समोरच्याने शांतपणे सांगत राहायचं की तुला जमतंय. काही मुलांचा एका बैठकीत जातो. शनिवारी त्यांच्यासमोरच करून घ्या, आणि शाळेतल्या बाईंनाही सांगा की खोकला आला तरी वर्गातच बसू द्या.

धागाकर्ती: बाईंना सांगणं सगळ्यात अवघड आहे 😅 गुरुवारी कानाचं काय निघतं ते लिहिते.