‘अमेरिकन क्रांती’ फसली असती तर मराठीत तिला काय म्हटलं असतं? (बंड, उठाव, क्रांती)

दादरहून

एका दिवाळी अंकासाठी जर-तरच्या इतिहासावर कथा लिहितेय. 29 ऑगस्ट 1776 च्या रात्री लाँग आयलंडची लढाई हरलेलं वॉशिंग्टनचं सुमारे 9,000 चं सैन्य ईस्ट नदी ओलांडून मॅनहॅटनला निसटलं. पहाटे दाट धुकं पडलं म्हणून शेवटच्या तुकड्याही सुटल्या. माझ्या कथेत धुकं पडत नाही. सैन्य सापडतं आणि 13 वसाहतींचा लढा तिथेच संपतो.

नायिका आजच्या मुंबईत शाळेत इतिहास शिकवते. तिच्या पुस्तकात त्या धड्याचं नाव काय असेल? ‘अमेरिकन क्रांती’ नसणार हे उघड आहे. मग ‘बंड’ की ‘उठाव’? दोन्हींतला फरक मला नीट पकडता येत नाहीये.

ठाण्याहून

बंडच. फसलं की बंड, जमलं की क्रांती. निवडणुकीच्या बातम्यांत रोज वाचतो, अर्ज मागे घेतला की बंडोबांचे थंडोबा होतात.

गिरगावहून

दादा, जमलं-फसलं एवढ्यावर शब्द ठरत असता तर आपल्याजवळचं गवालिया टँकचं मैदान ‘ऑगस्ट क्रांती मैदान’ झालं नसतं. 8 ऑगस्ट 1942 ला तिथे ‘चले जाव’चा ठराव झाला, पहाटेच नेत्यांना पकडलं आणि सरकारने आंदोलन दडपून काढलं. त्या घडीला ते फसलंच होतं. तरी आज तिला कुणी ‘ऑगस्टचं बंड’ म्हणत नाही. उलट बाजूनेही पाहा. इंग्लंडच्या राजाने, तिसऱ्या जॉर्जने, वसाहती बंडात आहेत असा जाहीरनामा ऑगस्ट 1775 मध्येच काढला होता. तेव्हा हार-जीत काहीच ठरलेली नव्हती. म्हणजे बंड हा शब्द निकाल लागण्याआधीच वापरला जातो, आणि वापरतो तो ज्याची सत्ता आहे तो.

ताई, या शब्दांबरोबर येणारी क्रियापदं पाहिलीत तर फरक चटकन हाती लागेल. बंड पुकारतात, बंडाचं निशाण उभारतात, बंड मोडतात. उठाव होतो आणि तो दडपला जातो. क्रांती मात्र घडते किंवा फसते, ‘क्रांती मोडली’ असं मराठीत कानाला खटकतं. बंड म्हटलं की समोर धनी आलाच. बंड कुणाविरुद्ध, हे न सांगता त्या शब्दाला अर्थच येत नाही, आणि बोलणारा त्या धन्याचा हक्क निदान तोंडदेखला तरी मान्य करत असतो. ‘उठाव’मध्ये उठणारी माणसं पुढे येतात, धनी मागे राहतो. म्हणून 1857 ला आधी ‘शिपायांचं बंड’ म्हणत, पुढे ‘उठाव’ आलं, सावरकरांनी तर ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटलं. लढाई तीच, आणि ती हरलेलीच.

आता ज्या बंडाला दुसरं नाव कधीच मिळालं नाही ते बघा. सदाशिवरावभाऊ म्हणवणारा तोतया कोकणात माणसं जमवून उठला. त्याला पकडून पुण्यात देहान्त दिला तो 1776 मध्येच, म्हणजे तुमच्या कथेच्याच वर्षी. आजही आपण ‘तोतयाचं बंड’च म्हणतो, कारण त्याच्या बाजूने पुढे लिहिणारं कुणी उरलं नाही. अमेरिकेत तसं झालं असतं का? मला नाही वाटत. बोस्टन-फिलाडेल्फियात छापखाने होते, पत्रकं घरोघर पोचली होती. हरल्यावरही त्यांची नातवंडं-पतवंडं आपल्या बाजूचा शब्द काढून बसली असती.

आणखी एक, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘क्रांती’ हा मुळात पंचांगातला शब्द. क्रांतिवृत्त, संक्रांत त्याच घरातले. राजकीय अर्थ अलीकडे चिकटला, आणि त्यात फ्रान्सच्या 1789 चा मोठा वाटा आहे. फ्रान्स 1778 मध्ये अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला आणि त्या खर्चाने कर्जात रुतला. तुमच्या कथेत लढा 1776 लाच संपतो, म्हणजे फ्रान्स उतरत नाही. मग 1789 तसं घडेल का, आणि तुमच्या नायिकेच्या मराठीत ‘क्रांती’ला सत्तापालटाचा अर्थ तरी असेल का? कथेचा खरा धागा मला इथे दिसतो.

ठाण्याहून

1688 च्या इंग्लंडमधल्या सत्तांतरालाही आपण ‘रक्तहीन क्रांती’ म्हणतो. ती अमेरिकेच्या आधीची.

गिरगावहून

बरोबर, इंग्रजीत शब्द होताच. पण आपल्याकडे ‘रक्तहीन क्रांती’ पुस्तकात आली ती ‘क्रांती’ला हा अर्थ मिळाल्यावर. तसा तो मिळाला नसता तर तिथेही कदाचित ‘राज्यपालट’ लिहिलं असतं.

दादरहून

हे फार उपयोगी पडलं. मग पुस्तकात ‘वसाहतींचं बंड’ आणि वर्गात तिच्या तोंडी ‘उठाव’ असं ठेवू का? मुंबईत ‘वसाहत’ म्हटलं की मुलांना आधी पोलीस वसाहत आठवते, म्हणून जरा धाकधूक आहे.

भायखळ्याहून

ताई, ‘वसाहत’ खुशाल ठेवा, धड्यात संदर्भाने कळतं. तुमच्या कामाची एक जागा सुचवते. यॉर्कटाउनला ऑक्टोबर 1781 मध्ये ज्याच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली तो इंग्रज सेनानी कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इथे आला. त्याचा पुतळा आधी फोर्टात होता, आता भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लाँग आयलंडला तोही लढला होता. तुमच्या कथेत तो ‘बंड मोडणारा’ ठरतो. बाई मुलांना त्या पुतळ्यापुढे घेऊन गेल्या तर दोन्ही शब्द आपसूक बोलण्यात येतील.

1776 मधल्या माणसांचे संवाद घालणार असाल तर त्यांच्या तोंडी ‘क्रांतिकारक’ नको. जुन्या मराठीत ‘बंडवाले’ असे, फितवलेल्यांना ‘फितूर’. पुण्याहून मुंबईकर इंग्रजांच्या हालचाली टिपणारा कारकून तुमच्या कथेत असेल, तर तो अमेरिकेची बातमी कळवताना ‘तेथील रयत पुंडावा करिते’ असंच काहीतरी लिहील.